एका काट्याला दोन वाचक : चालत्या प्रोसेसचा पीआयडी स्क्रिप्टमधून कसा धरायचा

धरणगाव-एरंडोल भागातल्या एका जिनिंगच्या वजनकाट्याचं काम माझ्याकडे आहे. काम तसं साधंच. काट्याच्या इंडिकेटरमधून सिरियल केबलने येणारा आकडा वाचायचा आणि पावतीच्या प्रोग्रामला द्यायचा. त्यासाठी उबंटू टाकलेला एक जुना डेस्कटॉप आणि वजन.पीवाय नावाची शंभर-सव्वाशे ओळींची पायथन स्क्रिप्ट. दिवाळीनंतर कापसाची आवक जोरात असताना एका सकाळी काट्यावरच्या नानांचा फोन आला, "भाऊ, काटा येडा व्हई गया." ट्रॉली काट्यावर उभी, इंडिकेटरवर स्वच्छ ५२४० किलो, आणि पडद्यावर कधी ५४०, कधी नुसता २. मागे ट्रॅक्टरांची रांग. वजनात घोळ दिसला की रांगेतला शेतकरी काय बोलतो, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

काटा ठीक होता, इंडिकेटरही ठीक होता. एकाच पोर्टवर वजन.पीवायच्या दोन प्रती वाचत बसल्या होत्या. सिरियल पोर्टवर आलेलं अक्षर एकीने उचललं की दुसरीला ते मिळत नाही. ५२४० मधले पाच, चार आणि शून्य एकीच्या ताटात, दोन दुसरीच्या. दुसरी प्रत आली कुठून? आदल्या संध्याकाळी नानांनी 'काटा रीस्टार्ट' हा आयकॉन दाबला होता. त्यामागची माझी स्क्रिप्ट जुनी प्रोसेस मारून नवी सुरू करते. तिने एक प्रोसेस मारली खरी, पण दुसरीच. जी मरायला हवी होती ती तशीच पोर्ट धरून बसली. चूक माझी होती, आणि ती एका ओळीची होती. त्या ओळीपर्यंत पोचू, पण आधी थोडी तयारी.

वाचताना एक सोय लक्षात ठेवा. आज्ञा मी देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करायच्या, आकडे इंग्रजी. जिथे मोठी अक्षरं लागतात किंवा स्पेलिंगचा गोंधळ होऊ शकतो तिथे तसं सांगितलंय. चिन्हं जशीच्या तशी आहेत.

पीआयडी म्हणजे नेमकं काय

चालू असलेला प्रोग्राम म्हणजे प्रोसेस. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक प्रोसेसला जन्मतःच एक नंबर देतो, तो पीआयडी. लिनक्सवर हे नंबर चढत्या क्रमाने वाटले जातात आणि मर्यादा आली की मोजणी पुन्हा खालून सुरू होते, मधले मोकळे झालेले नंबर पुन्हा वापरत. ही मर्यादा पूर्वापार ३२७६८ होती. हल्लीच्या बहुतेक ६४ बिट वितरणांवर ती ४१९४३०४ असते. तुमच्या मशीनवरची मर्यादा /प्रॉक/सिस/कर्नल/पीआयडी_मॅक्स या फाइलमध्ये दिसेल. पहिला नंबर कायम सगळ्यांच्या मूळ पुरुषाचा, म्हणजे आजकाल बहुधा सिस्टमडीचा; मशीनवरच्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम तो.

यातलं एकच लक्षात ठेवा: नंबर परत वापरला जातो. काल ज्याचा नंबर २३१७ होता तो मेला, की आज २३१७ दुसऱ्या कोणाचा असू शकतो. एसटीत सीट नंबर १२ वर बसलेल्या माणसाला तुम्ही एरंडोलला ओळखलंत, म्हणून धुळ्याला उतरताना त्याच सीटवर तोच असेल असं नाही.

स्क्रिप्टचा स्वतःचा नंबर

हे सगळ्यात सोपं. बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलवरच्या आज्ञा चालवणाऱ्या शेलमध्ये, $$ लिहिलं की चालत्या शेलचा पीआयडी मिळतो.

इको $$

ज्या प्रोसेसने स्क्रिप्ट सुरू केली तिचा नंबर हवा असेल तर $पीपीआयडी. हे चलनाव मोठ्या अक्षरांत. पायथनमध्ये ओएस मॉड्यूलचं गेटपीआयडी, पीएचपीत गेटमायपीआयडी, पर्लमध्ये बॅशसारखंच $$.

खाच एकच. गोल कंसात आज्ञा लिहिल्या की बॅश सबशेल, म्हणजे स्वतःची एक प्रत, काढतो, तिला स्वतःचा वेगळा नंबर असतो, पण आत $$ विचारलं तरी उत्तर बाहेरच्या, मूळ शेलचंच येतं. आतला खरा नंबर $बॅशपीआयडी देतो, हेही मोठ्या अक्षरांत, आणि ते बॅश ४ पासून आहे. लॉगमध्ये नंबर छापताय आणि दोन वेगळी कामं एकाच नंबरने दिसतायत, तर बहुधा हेच झालेलं असतं.

/प्रॉक/सेल्फ बघायचा मोहही होतो. ती लिंक वाचणाऱ्या प्रोसेसकडे बोट दाखवते. स्क्रिप्टमधून रीडलिंक चालवून ती वाचली, तर उत्तर येतं रीडलिंकच्या नंबराचं, आणि ते छापून होईपर्यंत रीडलिंक मेलेलीही असते.

आणि जाता जाता: तात्पुरत्या फाइलच्या नावात $$ घालायची जुनी सवय सोडा. नंबर अंदाजाने ओळखता येतो, परत वापरलाही जातो. त्यासाठी एमकेटेंप ही आज्ञा आहे.

आपणच सुरू केलेल्या प्रोसेसचा नंबर

माझी चूक इथलीच, म्हणून इथे जरा बसून बोलू.

प्रोसेस तुमच्याच स्क्रिप्टने सुरू केली असेल तर तिला नंतर शोधत फिरायचं कारणच नाही. बाळाच्या हातावर दवाखान्यातच पट्टी बांधतात, तसा नंबर जन्माच्या क्षणी लिहून घ्यायचा. आज्ञेच्या शेवटी & लावून ती मागे पाठवली की पुढच्याच ओळीत $! मध्ये तिचा पीआयडी असतो.

पायथन३ /ऑप्ट/काटा/वजन.पीवाय &
नंबर=$!

'पुढच्याच ओळीत' हे शब्दशः घ्या. $! म्हणजे सगळ्यात शेवटी मागे पाठवलेल्या आज्ञेचा नंबर. मध्ये दुसरं काही & लावून सोडलं की पहिला नंबर गेला. म्हणून तो लगेच चलात ठेवायचा. नंतर ती प्रोसेस संपेपर्यंत थांबायचं असेल तर वेट "$नंबर", आणि वेट परत आल्यावर $? मध्ये त्या प्रोसेसचा निकाल मिळतो. वेट फक्त स्वतःच्या पोरांसाठी चालतं. दुसऱ्या स्क्रिप्टने जन्माला घातलेल्या प्रोसेससाठी नाही.

आता $! नेमका कोणाचा नंबर देतो ते बघा, कारण फसगत इथेच होते. पाइप लावून तीन आज्ञा मागे पाठवल्या तर $! शेवटच्या आज्ञेचा असतो. वजन.पीवाय मधून निघालेलं टी (टी-ई-ई) या आज्ञेकडे वळवून लॉग लिहीत असाल, तर तुमच्या हाती टीचा नंबर येईल, पायथनचा नाही. सुडो लावून सुरू केली तर नंबर सुडोचा. नोहप मात्र सरळ आहे: ती स्वतःच्या जागी तुमची आज्ञा बसवते, त्यामुळे नंबर बरोबर राहतो. आणि काही जुन्या पद्धतीचे सर्व्हर सुरू होताच स्वतःची प्रत काढून मूळ प्रोसेस संपवतात. त्यांच्या बाबतीत $! मध्ये मेलेल्याचा नंबर उरतो. अशा प्रोग्रामना बहुतेकदा 'पुढेच चाल' असा पर्याय असतो किंवा ते स्वतःची पीआयडी फाइल लिहितात. तो मार्ग धरावा.

माझ्याकडे मध्ये एक छोटी स्क्रिप्ट होती, चालू.एसएच. ती फोल्डर बदलायची, पायथन चालवायची आणि शेवटी 'काटा बंद झाला' अशी नोंद लॉगमध्ये करायची. रीस्टार्टची स्क्रिप्ट असं करत होती:

/ऑप्ट/काटा/चालू.एसएच &
इको $! > /होम/काटा/वजन.पीआयडी

फाइलमध्ये गेलेला नंबर चालू.एसएच चालवणाऱ्या बॅशचा. पायथन त्या बॅशचं पोर, त्याचा नंबर निराळा. नानांनी आयकॉन दाबल्यावर किल, म्हणजे थांबण्याचा संकेत, गेलं ते बॅशला. बॅश मेला. पायथनला कोणी काही सांगितलंच नाही. बाप मेला की पोर मरत नाही, पहिल्या नंबराची किंवा त्या कामाला नेमलेली दुसरी प्रोसेस त्याला दत्तक घेते आणि ते निवांत वजन वाचत राहतं. मग नवा बॅश, नवा पायथन. झाले दोन वाचक. तो आयकॉन नानांनी आणखी एकदा दाबला असता तर तीन झाले असते.

उपाय एका शब्दाचा: एक्झेक. चालू.एसएचची शेवटची ओळ अशी केली:

एक्झेक पायथन३ /ऑप्ट/काटा/वजन.पीवाय

एक्झेक नवी प्रोसेस काढत नाही. आहे त्याच प्रोसेसमध्ये बॅशच्या जागी पायथन येऊन बसतो. घर तेच, घराचा नंबर तोच, राहणारा बदलला. त्यामुळे $! मध्ये धरलेला नंबर आता खरोखर पायथनचा असतो. त्या ओळीनंतर लिहिलेलं काही चालत नाही, म्हणून 'काटा बंद झाला' ही नोंद पायथनमध्ये हलवावी लागली. तेवढी किंमत मान्य.

दुसऱ्याने सुरू केलेली प्रोसेस नावाने शोधणं

कधी कधी इलाज नसतो. प्रोसेस कोणी सुरू केली ठाऊक नाही, किंवा ती हाताने सुरू झालीय. मग नावाने शोधायचं. यासाठी पीग्रेप वापरा; स्पेलिंग पी-जी-आर-ई-पी.

पीग्रेप -एक्स एनजिनएक्स

जुळणाऱ्या प्रत्येक प्रोसेसचा नंबर एकेका ओळीवर येतो. काही सापडलं तर निकाल ०, नाही सापडलं तर १, त्यामुळे इफ किंवा || मध्ये थेट बसतं. पीग्रेप स्वतःचा नंबर कधी दाखवत नाही. पीएसचं आउटपुट ग्रेपला, मग त्यातून ग्रेप काढायला पुन्हा ग्रेप -व्ही, मग ऑक, अशी मालगाडी अजूनही जिथे तिथे दिसते. तिची गरज राहिलेली नाही.

पण नावाने शोधणं म्हणजे आमच्याकडे बाजाराच्या दिवशी चौकात उभं राहून "ओ बापू" अशी हाक मारणं. दहा माना वळतात. त्यातला तुमचा बापू कोणता, हे तुम्हीच ठरवायचं. पीग्रेपमध्येही नुसता शब्द दिला तर तो नावात कुठेही असला तरी जुळतो. टॉप शोधाल तर एचटॉपही येईल. म्हणून पूर्ण नाव जुळवणारा -एक्स लावायची सवय ठेवा. कोणाची प्रोसेस ते ठाऊक असेल तर -यू आणि वापरकर्त्याचं नाव. सगळ्यात नवी हवी तर -एन, सगळ्यात जुनी हवी तर -ओ. सापडलेल्याची पूर्ण आज्ञा डोळ्याने बघायची तर -ए. किल लावण्याआधी -ए लावून एकदा बघणं, हा माझा ठरलेला नेम.

आता 'नाव' म्हणजे काय, यातच दोन खड्डे आहेत.

एक, लिनक्स कर्नल प्रोसेसचं नाव १५ अक्षरांपर्यंतच ठेवतो. त्याहून लांब नावाचा प्रोग्राम असेल तर शेपूट कापलं जातं आणि पूर्ण नाव देऊन शोधलं तर काहीच मिळत नाही. नाव सापडत नाही म्हणजे प्रोसेस चालू नाही, असं समजून स्क्रिप्ट नवी प्रत सुरू करते. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेत, दर मिनिटाला असं ठेवलं असेल तर तासाभरात साठ वाचक.

दोन, स्क्रिप्टचं नाव म्हणजे प्रोसेसचं नाव नव्हे. पायथन३ वजन.पीवाय अशी सुरू केलेली प्रोसेस कर्नलच्या वहीत 'पायथन३' आहे. फाइलला चालवण्याची परवानगी देऊन, पहिल्या ओळीत थेट /यूएसआर/बिन/पायथन३ लिहून ./वजन.पीवाय अशी सुरू केली, तर नाव 'वजन.पीवाय' होतं. पण पहिल्या ओळीत एन्व्ह वापरला असेल तर पुन्हा 'पायथन३', कारण एन्व्ह मग पायथनला आपल्या जागी बसवतो. एकच फाइल, सुरू करण्याच्या तीन तऱ्हा, नावं दोन.

म्हणून लोक -एफ लावतात. त्याने नावाऐवजी पूर्ण आज्ञेची ओळ तपासली जाते.

पीग्रेप -एफ वजन.पीवाय

हे चालतं, आणि इतकं सहज चालतं की माणूस निर्धास्त होतो. मग एखाद्या दिवशी तुम्ही नॅनो या एडिटरमध्ये वजन.पीवाय उघडून बसता, आणि पहारेकरी स्क्रिप्ट नॅनोलाच काटा समजते, कारण नॅनोच्या आज्ञेतही ते नाव आहे. क्रॉनमध्ये तर गंमत अजून मोठी. तिथे अशी ओळ लिहिली समजा:

पीग्रेप -एफ वजन.पीवाय || /ऑप्ट/काटा/चालू.एसएच

क्रॉन ही अख्खी ओळ एसएच -सी ला देऊन चालवतो. म्हणजे त्या एसएचच्या आज्ञेतच 'वजन.पीवाय' लिहिलेलं आहे. पीग्रेप स्वतःला वगळतो, पण आपल्या बापाला वगळत नाही. त्याला एसएच सापडतो, तो खूश होतो, आणि काटा बंद पडला तरी चालू.एसएच कधीच चालत नाही. टर्मिनलवर हाताने करून बघाल तर सगळं बरोबर दिसतं, कारण तिथे तो एसएच नसतो.

यावर जुनी युक्ती: पहिलं अक्षर चौकटी कंसात घालायचं.

पीग्रेप -एफ '[व]जन\.पीवाय'

रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे अक्षरांचा नमुना, म्हणून हे 'वजन.पीवाय'लाच जुळतं, पण एसएचच्या ओळीत अक्षरशः कंस आहेत, त्यामुळे ती जुळत नाही. टिंबाआधीचा \ यासाठी, की नुसतं टिंब कुठल्याही अक्षराला जुळतं. नॅनोचा प्रश्न मात्र यानेही सुटत नाही. त्याला ओळीची सुरुवात आणि शेवट बांधावे लागतात:

पीग्रेप -एफ '^पायथन३ /ऑप्ट/काटा/[व]जन\.पीवाय$'

पिडऑफ हा दुसरा पर्याय, पी-आय-डी-ओ-एफ. नेमक्या नावाचे सगळे नंबर तो एकाच ओळीत देतो. -एस लावलं तर एकच नंबर, -एक्स लावलं तर शेल स्क्रिप्टही शोधतो. सर्व्हरच्या बायनरीसाठी बरा. आपल्या कामाला पीग्रेप जास्त सोयीचा.

नाव नको, काम बघा

त्या सकाळी दोन वाचक मला नावाने सापडलेच नाहीत. मी विचारलं, पोर्ट कोणी धरलंय? त्यासाठी एफयूजर आहे, स्पेलिंग एफ-यू-एस-ई-आर:

सुडो एफयूजर /देव/टीटीवाययूएसबी०

यातलं यूएसबी मोठ्या अक्षरांत. दोन नंबर आले. तिथेच निदान झालं. नावावर संशय असेल तेव्हा असा कामावरून माग काढणं भरवशाचं, कारण कोण काय म्हणवतो याला इथे किंमत नाही, हातात काय आहे ते दिसतं. एफयूजरची स्क्रिप्टसाठी एक सोय अशी की नुसते नंबर तो मुख्य आउटपुटवर देतो, फाइलचं नाव आणि बाकीची अक्षरं एररच्या वाटेने जातात. २>/देव/नल लावलं की हाती शुद्ध नंबर. सुडो लागतो, कारण दुसऱ्या वापरकर्त्याच्या प्रोसेसच्या उघड्या फाइली साध्या वापरकर्त्याला दिसत नाहीत.

नेटवर्क पोर्टसाठी हेच काम एलएसओएफ करतो:

सुडो एलएसओएफ -टी -आय टीसीपी:८०८० -एस टीसीपी:लिसन

-टी म्हणजे फक्त नंबर. इथे टीसीपी आणि लिसन ही अक्षरं मोठी, -आय आणि -एस लहान. -टी चा टीही लहान, आणि दुसऱ्या पर्यायात एस आणि टीसीपी जोडून लिहायचं, मध्ये जागा नाही. तो दुसरा पर्याय विसरू नका. तो नसेल तर त्या पोर्टला जोडलेले ग्राहकही यादीत येतात, आणि तुम्ही सर्व्हरबरोबर एखाद्या बिचाऱ्याचा ब्राउझरही माराल.

पीआयडी फाइल, आणि लाइट गेल्यावर तिचं काय होतं

सुरू करणारी स्क्रिप्ट वेगळी आणि थांबवणारी वेगळी असेल, तर नंबर कुठेतरी लिहून ठेवावा लागतो. ती पीआयडी फाइल. माझी दुसरी चूक ही की मी ती होम फोल्डरमध्ये ठेवली होती. जिनिंगवर लाइट जाते, यूपीएसची बॅटरी कधीची मेलेली. मशीन धाडकन बंद, पुन्हा चालू, आणि फाइल आपली जशीच्या तशी, जुना नंबर मिरवत. तो नंबर आता प्रिंटरच्या सेवेला गेला असेल, डेस्कटॉपच्या एखाद्या तुकड्याला गेला असेल.

म्हणून पहिली गोष्ट, ती फाइल /रन खाली ठेवा. /रन हे मेमरीत असतं, मशीन बंद झालं की आपोआप पुसलं जातं. तिथे आपलं फोल्डर दर वेळी नव्याने करावं लागतं, सिस्टमडीच्या टीएमपीफाइल्स.डी मध्ये एक ओळ टाकली की ते काम होतं.

दुसरी गोष्ट, नंबर वाचल्यावर तो जिवंत आहे का ते विचारा.

किल -० "$नंबर"

नाव किल असलं तरी ० या संकेताने कोणी मरत नाही. फक्त 'आहे का आणि मला तुला हात लावायची परवानगी आहे का' एवढं तपासलं जातं. निकाल ० आला तर आहे. पण शून्याखेरीज आला तर 'नाही' असंच समजू नका. दुसऱ्या वापरकर्त्याची प्रोसेस असेल तर परवानगी नाही म्हणूनही तोच निकाल येतो. आणि 'आहे' म्हणजे 'आपलीच आहे' असंही नाही. ओळख पटवायची तर तिची आज्ञा वाचा:

टीआर '\०' ' ' < /प्रॉक/$नंबर/सीएमडीलाइन

त्या फाइलमध्ये शब्दांमध्ये जागेऐवजी शून्य बाइट असतो, म्हणून टीआर. किंवा ती कधी जन्मली ते विचारा: पीएस -ओ एलस्टार्ट= -पी "$नंबर". पीआयडी आणि जन्मवेळ मिळून जी ओळख होते ती सहसा फसवत नाही. दोन्ही फाइलमध्ये लिहून ठेवणारेही आहेत.

मी ते करत नाही. कारण तपासणं आणि किल यांच्यामध्ये एक फट उरतेच, आणि दोन माणसांनी एकाच वेळी आयकॉन दाबला तर दोघांच्याही तपासण्या 'कोणी नाही' म्हणतात. त्यापेक्षा कुलूप बरं. एफलॉक, एफ-एल-ओ-सी-के. आता काट्यावर जी चालू.एसएच आहे ती सगळी मिळून एवढीच:

#!/बिन/बॅश
एक्झेक ९>>/रन/काटा/वजन.लॉक
एफलॉक -एन ९ || { इको "आधीच चालू आहे : $(कॅट /रन/काटा/वजन.पीआयडी)"; एक्झिट १; }
इको $$ > /रन/काटा/वजन.पीआयडी
एक्झेक पायथन३ /ऑप्ट/काटा/वजन.पीवाय

ओळीगणिक बघू. दुसरी ओळ लॉक फाइल नववा क्रमांक देऊन उघडते. तिसरी तिला कुलूप लावायचा प्रयत्न करते. -एन मुळे थांबून न राहता, कुलूप आधीच असेल तर लगेच माघार घेते. चौथी स्वतःचा नंबर लिहिते. पाचवी त्याच नंबरावर पायथनला बसवते, आणि उघडलेली नववी फाइल, म्हणजे कुलूपही, पायथनकडे जातं. पायथन कसाही मेला, किलने मरो, चुकीने मरो, लाइट जाऊन मरो, कुलूप कर्नल स्वतः काढतो. शिळं कुलूप ही भानगडच उरत नाही. म्हणून नियम असा बनतो: कुलूप लागलेलं असेल तर फाइलमधला नंबर खरा, नसेल तर ती फाइल रद्दी.

बंद.एसएच याच नियमावर उभी आहे. आधी कुलूप मोकळं आहे का बघते. मोकळं असेल तर काही करायचंच नाही. लागलेलं असेल तर:

किल "$(कॅट /रन/काटा/वजन.पीआयडी)"
एफलॉक -डब्ल्यू १० /रन/काटा/वजन.लॉक ट्रू

दुसरी ओळ म्हणजे कुलूप सुटेपर्यंत जास्तीत जास्त दहा सेकंद वाट बघ. कुलूप सुटलं म्हणजे पायथन खरोखर गेला, पोर्ट मोकळं झालं. इथे वेट चालत नाही, कारण पायथन या स्क्रिप्टचं पोर नाही. दहा सेकंदांतही सुटलं नाही तरच किल -९. पहिल्या फटक्यात -९ मारू नका. प्रोसेसला अर्धवट लिहिलेली पावती पूर्ण करायची संधी मिळत नाही.

पायसिरियल ही पायथनची सिरियल पोर्ट वाचायची लायब्ररी वापरत असाल तर पोर्ट उघडताना एक्सक्लुझिव्ह हा पर्याय ट्रू करून ठेवा. मग पायसिरियलमधूनच तसं उघडणारी दुसरी प्रत पोर्ट उघडतानाच अडते.

सिस्टमडी असेल तर

हे सगळं सांगून झाल्यावर सांगतो: कायम चालणारी सेवा असेल तर ती सिस्टमडीच्या हवाली करणं सगळ्यात बरं. तो प्रोसेस स्वतः जन्माला घालतो, तिची पोरंबाळंही एका गटात ठेवतो आणि थांबवताना सगळा गट थांबवतो. माझी मूळ चूक तिथे झालीच नसती. नंबर हवा असेल तर:

सिस्टमसीटीएल शो -पी मेनपीआयडी --व्हॅल्यू काटा.सर्व्हिस

मेनपीआयडीमध्ये एम आणि पीआयडी मोठ्या अक्षरांत. उत्तर ० आलं तर सेवा चालू नाही; तो ० पुढे किलला देऊ नका, कारण किलच्या भाषेत ० म्हणजे स्वतःचा अख्खा गट, आणि तुमची स्क्रिप्टच स्वतःला मारेल. काट्यावर मी सिस्टमडी का वापरला नाही? नानांना आयकॉन दाबल्यावर समोर अक्षरं सरकताना दिसली की बरं वाटतं, म्हणून सुरुवात तशी झाली होती. पुढच्या हंगामाआधी बदलणार आहे.

विंडोज असलेल्यांसाठी थोडक्यात

खानदेशातल्या बऱ्याच काट्यांवर विंडोजच आहे, हे मला ठाऊक आहे. पॉवरशेलमध्ये स्वतःचा नंबर $पीआयडी. सुरू करतानाच नंबर हवा तर स्टार्ट-प्रोसेसला -पासथ्रू लावा; परत येणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये आयडी असतो. नावाने शोधायला गेट-प्रोसेस, आणि पूर्ण आज्ञा बघायची तर गेट-सीआयएमइन्स्टन्सला विन३२_प्रोसेस विचारा. जुन्या बॅच फाइलमध्ये स्वतःचा नंबर सांगणारं तयार चल नाही. त्यासाठी तिथे धडपडण्यापेक्षा तेवढं काम पॉवरशेलला द्या.

बदल केला त्या दिवशी मी काट्यावरच होतो. नानांना म्हटलं, रीस्टार्टचा नको, नुसता चालू.एसएचचा आयकॉन दाबा, पुन्हा दाबा. त्यांनी तीन वेळा दाबला. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी पडद्यावर आलं, 'आधीच चालू आहे : ४१८२'. नानांनी शेजारच्या वहीत, दिवसाच्या पहिल्या ट्रॉलीच्या वर, तो नंबर लिहून ठेवला. मी म्हटलं, नाना, उद्या तो बदलेल. "मंग उद्या उद्याना लिखसू," ते म्हणाले.